एक देऊन चार

कुंद्याच्या रिकाम्या डब्यात आठ चिठ्ठ्या.
माझ्या हाताला लागली ती उघडली, तर
शून्य.
म्हटलं, गेलं हेही वर्ष.
कल्लाप्पा मास्तर चष्म्यावरून हसले,
"शून्य नव्हे हो, वंदु. कानडी एक.
तोंड नीट मिटलेलं नाही बघा त्याचं."

आठ संघांत पहिली निवड माझी.
खुर्च्या वळल्या, मागून कुणी शिट्टी घातली.
पहिली निवड म्हणजे सिद्राय,
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
गेल्या मोसमात एकवीस गोल,
डावा पाय असा की चेंडू त्याला विचारून वळतो.
आणि सिद्राय आमच्याच गल्लीतला, अनगोळचा,
चार घरं सोडून.
त्याच्या पहिल्या बुटांत, ते मोठे होत होते म्हणून,
पुढं कापूस कोंबला तो मीच.

पण मी उद्यमबागेत फौंड्रीत पॅटर्न करतो,
तीस वर्षं.
ओतलेला नग कुठून फुटतो ते मला कळतं.
चकाकत्या बाजूनं कधीच नाही.
गेल्या वर्षी आम्ही चौतीस गोल खाल्ले.

कॅम्पचा बारेटो जिन्यात गाठ पडला, बडीशेप चघळत.
"तुझा एक दे. माझा चार घे,
दुसऱ्या फेरीतला तेराही घे."
"आणि पुढच्या वर्षीचा पहिला."
"पुढच्या वर्षी कोण कुठं असतंय गा?"
"म्हणूनच."

मास्तरांनी कागद केला, कानडीत.
मी सही केली, मराठीत.
त्यांचा चार आणि आपला चार
सख्ख्या भावांसारखे दिसतात.
एवढ्या एका आकड्यावरून या जिल्ह्यात
अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

चारवर भरमू घेतला, जांबोटीचा,
काजूच्या कारखान्यातला, बोटं चिकानं काळी.
गोलात उभा राहिला की बोलत नाही,
नुसता रुंद होत जातो.
तेरावर दस्तगीर, मागं डावीकडे. वेल्डर.
झगमगाटाकडे न बघता सांधा धरायची सवय.
सोळा माझा स्वतःचा होता, त्यावर निपाणीचा एक पोरगा.
त्याचं पुढं काही झालं नाही.

रात्री सिद्राय दारात आला.
उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.
"मामा, माझ्यात काय कमी होतं?"
"काही नाही रे. तुझ्यामुळंच तर दोन माणसं मिळाली."
खरं तेच बोललो.
आणि बोलताना त्याच्या चेहऱ्यावर बघितलं,
बाजारात दोरी दुसऱ्याच्या हातात जाते
तेव्हा जनावर मान वळवून बघतं, तसं.
आतून बायको म्हणाली, "चहा तरी घे म्हणावं."
तोवर गल्ली रिकामी.

जानेवारीत लेले मैदानावर कॅम्पशी गाठ पडली.
तांबड्या धुळीत
सत्तराव्या मिनिटाला त्याचा डावा पाय.
दस्तगीर घसरला. भरमूची काळी बोटं
नखभर लागली असतील,
चेंडू आडव्या बारवर आपटून परत.
आमची सगळी बाजू उभी राहून ओरडली.
माझ्याही गळ्यातून काहीतरी निघालं.
ते कुणाच्या बाजूचं होतं
हे मी अजून ठरवलेलं नाही.

शेवटी फळ्यावर शून्य-शून्य.
मास्तर लांबून ते एक-एक वाचत असतील.

पाकिटात तो कागद आहे, पुढच्या वर्षीचा पहिला.
त्यावर नाव नाही, नुसता नंबर.
खानापूर स्टेशनामागच्या भिंतीवर
तो आत्ता चेंडू मारत असेल,
किंवा गोकाकला, गिरणीच्या चाळीत,
बुटांवरून आईच्या शिव्या खात,
कुठल्या भाषेत कोण जाणे.
त्याला माहीत नाही
त्याच्यासाठी मी काय देऊन बसलोय.

कागद घडीवर फाटत चाललाय.
चिकटपट्टी लावली पाहिजे.